सांधेदुखीवरील संप्रेरके : शोध आणि किंमत

आमवातात शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर हल्ला करते. पीयूष ग्रंथीतील एसीटीएच हे पेप्टाइड संप्रेरक अधिवृक्क ग्रंथींना कॉर्टिसॉल स्रवण्यास प्रवृत्त करते. त्याने सांध्यांचा दाह शमतो, हे १९४९ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या फिलिप हेंच व सहकाऱ्यांनी दाखवून दिले. डुकरांच्या ग्रंथींपासून बनणाऱ्या या औषधाची कुपी तेथे २००७ मध्ये सुमारे १,६५० डॉलरवरून २३,००० डॉलरच्या पुढे गेली. कृत्रिम पर्यायाचे हक्क घेऊन स्पर्धा रोखल्याच्या आरोपावरून उत्पादक कंपनीने २०१७ मध्ये १० कोटी डॉलर भरून तडजोड केली. आता आल्फा-एमएसएच या केवळ १३ अमिनो आम्लांच्या दाहशामक पेप्टाइडवरही संशोधन चालू आहे. अशी नवी औषधे रुग्णाला परवडणे मात्र बाजारातील स्पर्धेच्या रक्षणावरही अवलंबून राहील.