कोंबडीच्या खाद्यातील कच्चे सोयाबीन



नागपूरच्या रामदासपेठेत न्याहारीला येणाऱ्या अंड्याच्या उत्पादनखर्चातील सर्वात मोठा वाटा कोंबडीच्या खाद्याचा असतो. या खाद्यात ऊर्जेसाठी मका किंवा ज्वारी आणि प्रथिनांसाठी प्रामुख्याने सोयाबीनची पेंड वापरली जाते. सोयाबीन तर विदर्भाच्याच शेतातले. तेव्हा महाग पेंड घेण्याऐवजी घरचे दाणे दळून पिलांना घालावेत, असे एखाद्या लहान कुक्कुटपालकाला वाटल्यास नवल नाही. परंतु ही काटकसर त्याला महागात पडते.

कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन या विकराला निष्प्रभ करणारी द्रव्ये असतात. ट्रिप्सिन हे प्रथिने पचविणारे विकर असून ते स्वादुपिंडात तयार होते. ते निकामी होऊ लागले की स्वादुपिंड अधिकाधिक विकर निर्माण करते, त्याचा आकार वाढतो, आणि शरीराच्या वाढीची प्रथिने तेथेच खर्ची पडतात. पिलू खाते, पण वजन धरत नाही. गोठ्यातील बैलाला हे दाणे फारसे बाधत नाहीत, म्हणून पिलालाही चालतील असा समज होतो. रवंथ करणाऱ्या जनावराची पचनक्रिया निराळी असते, हे येथे विसरले जाते.

यावरचा उपाय उष्णता. शिजविलेल्या सोयाबीनवर उंदरांची वाढ नीट होते, असे ऑसबोर्न व मेंडेल या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९१७ सालीच दाखविले होते. तेल काढल्यावर गिरणीत पेंडीला वाफ देतात, तीमुळे हा दोषही जातो. घरच्या कढईत मात्र काही दाणे करपतात, काही कच्चे राहतात. करपलेल्या दाण्यांतील लायसिन हे आवश्यक द्रव्यही वाया जाते. पेंड पुरेशी तापली किंवा नाही, हे प्रयोगशाळेत युरिएज चाचणीवरून समजते. ग्रामपंचायतीच्या सभेत निदान एवढी माहिती सांगितली जावी.

ज्वारीचा प्रश्न वेगळा आहे. पाखरांनी खाऊ नये म्हणून काढलेल्या काही तांबूस वाणांत टॅनिन अधिक असते व ते प्रथिनांचे पचन रोखते. आपल्या नेहमीच्या पांढऱ्या ज्वारीत ते अत्यल्प असते. पावसात भिजून काळी पडलेली ज्वारी टॅनिनने काळी होत नाही. ती बुरशीने काळवंडते. बुरशीपासून अफ्लाटॉक्सिनसारखे विष तयार झाले असल्यास साध्या भाजण्याने ते पुरते नाहीसे होत नाही. अशी ज्वारी बाजारात स्वस्त मिळते, पिलांच्या खाद्यात ती मिसळू नये.