नुसतं कापून भागत नाही



मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाली आहे. पण माझ्या कानाच्या पाळीवर केलॉइड आहे, आणि त्याच्या उपचारांत बरीच वर्षं गेली. ते अनुभवाचं गाठोडं आज इथे सोडते.

जखम भरल्यावर कोलॅजन तयार होणं मंदावायला हवं. काहींच्या त्वचेत ते चालूच राहतं. मग व्रण जखमेची हद्द ओलांडून वाढतो, कडक होतो, खाजतो, दुखतो. तो केलॉइड. कान टोचणं, मुरमं, टाके, अगदी लससुद्धा याला पुरते. हा कॅन्सर नाही, संसर्गजन्यही नाही.

"कापून टाका, विषय संपला," असं बरेच जण सांगतात. पण कापणं ही नवी जखमच. माझी गाठ कापली, ती वर्षभरात पहिल्यापेक्षा मोठी होऊन परत आली. नुसतं कापल्यावर ती परत येण्याचं प्रमाण फार मोठं आहे.

मग करायचं काय? बहुतेकदा सुरुवात गाठीतच स्टेरॉइडचं इंजेक्शन देऊन होते. साधारण दर 4 ते 6 आठवड्यांनी, अनेकदा. सुई दुखते, तिथली त्वचा पातळ किंवा फिकी पडू शकते. पण गाठ मऊ होते, खाज थांबते. काहींना जोडीला 5-फ्लुरोयुरासिल देतात. लहान गाठी गोठवतात. कापायचंच ठरलं, तर पुढची इंजेक्शनं, कानाला दाब देणारी क्लिप किंवा लगेच सुरू होणारं रेडिएशन, यांचं आधीच ठरवून घ्या. जखम पूर्ण भरल्यावर सिलिकॉनची पट्टी रोज किमान 12 तास, काही महिने लावतात. दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं, ते इथे तंतोतंत खरं.

आता आपल्या वयात ऑपरेशनं सुरू झालीत. पूर्वी असा व्रण उठला असेल, तर सर्जनला आधीच दाखवा. हे घराण्यातही चालतं. माझ्या लेकीला कानाला दुसरं भोक हवं होतं. माझा कान हातानं चाचपून तिनं स्वतःच बेत रद्द केला.

माझी गाठ आता सपाट झालीय, खूण आहे. मैत्रिणींनो, खूप वर्षांनी आज केस वर बांधून आलेय. फोटो बिनधास्त काढा!