शेंगदाणे, दूध पावडर आणि न दिसणारी बुरशी

आजचा विषय खाण्याचा आहे, पण हे खाणं म्हणजे औषध आहे.

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, की ते तीव्र कुपोषित धरतात. म्हणजे आपल्या अंगठा-तर्जनीच्या कड्यात सहज मावेल असा दंड. अशा मुलांना पूर्वी दवाखान्यात ठेवून खास दूध पाजायचे. ते पाण्यात कालवायचं, आणि पाणी खराब असलं की जुलाब. शिवाय आई कित्येक आठवडे तिथेच अडकली तर घरच्या बाकीच्या पोरांना कोण बघणार?

1990च्या दशकात आंद्रे ब्रियां या फ्रेंच डॉक्टरांनी न्यूट्रिसेट कंपनीबरोबर शेंगदाण्याची पेस्ट तयार केली. त्यात पाणी जवळजवळ नाहीच, म्हणून जंतू वाढत नाहीत. 92 ग्रॅमचं पाकीट, 500 कॅलरी. शिजवायचं नाही, कालवायचं नाही, फाडून चाटवायचं. मार्क मॅनरी या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी मलावीत मुलांना ही पेस्ट देऊन घरी पाठवायला सुरुवात केली आणि पुढे ती तिथेच बनवायला घेतली.

प्रमाण काही गुपित नाही. 100 ग्रॅममध्ये साधारण 30 दूध पावडर, 28 साखर, 25 शेंगदाणे, 15 तेल आणि दीडेक ग्रॅम जीवनसत्त्वं-खनिजं. माझ्यासारखा कोड लिहिणारा लगेच म्हणेल, ओपन सोर्स आहे की, मग अडलं कुठे? अडतं डिपेंडन्सीत! मलावीत शेंगदाणा भरपूर, पण दूध पावडर बाहेरून आणावी लागते. आणि जो शेंगदाणा घरचा, तोच खरा घातकी. नीट वाळवला नाही तर बुरशी धरते, त्यातून अफ्लाटॉक्सिन हे यकृताला मारक विष तयार होतं. ते दिसत नाही, भाजूनही पुरतं जात नाही. त्यामुळे दाणे निवडायचे आणि लॉट तपासायचे. मिक्सर घेणं सोपं आहे हो, ही शिस्त रोज पाळणं अवघड.

आपल्याकडे मुंबईत सायन हॉस्पिटलने आयआयटी मुंबईच्या मदतीने अशीच पेस्ट बनवली, धारावीतल्या मुलांना ती दिलीही गेली. शेंगदाणा आपला, दूध पावडरही आपली. मलावीपेक्षा आपलं गणित कितीतरी सोपं आहे.

आता कोणीतरी म्हणणारच, "मग चिक्कीच द्या ना!" चिक्की मलाही आवडते, पण वर्षाच्या पोराला ती चावणार कशी? आणि त्यात दूध नाही, जस्त-पोटॅशियमची मोजून घातलेली मात्रा नाही. दुसरा आक्षेप मात्र मला गंभीर वाटतो: पाकिटं आली की अंगणवाडीतला गरम आहार मागे पडेल. ही भीती खरी आहे, कंपन्यांना मोठं गिऱ्हाईक हवंच असतं. पण ही पेस्ट सहा-आठ आठवड्यांचा उपचार आहे, आणि तीही ज्याला भूक लागते त्याच मुलाला. म्हणून आधी डॉक्टर-नर्ससमोर थोडी चाटवून बघतात. खाल्ली तर घरी, तोंड फिरवलं तर दवाखान्यात भरती.