गर्भाशय काढण्यापूर्वी



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावर बाळंतपणाचा विषय कित्येकांस अप्रस्तुत वाटेल. परंतु माहेरापासून शेकडो कोस दूर बाळंत होणाऱ्या लेकीसुना आपल्याच घरांत आहेत. म्हणून आम्ही तो घेतला.

क्ष-किरण म्हटले की मोडलेले हाड आठवते. आमच्या शाखेचे काम मात्र आता चित्र काढण्यापुरते उरलेले नाही. जांघेतील वा मनगटातील रोहिणीत शेवयीएवढी बारीक नळी घालायची, पडद्यावर पाहत ती गर्भाशयाच्या रोहिणीपर्यंत न्यायची आणि तेथील प्रवाह आतूनच बंद करायचा, असे हे कर्म आहे.

भरल्या दिवसांत गर्भाशयाकडे दर मिनिटाला सुमारे अर्धा लिटर रक्त जात असते. वार पडल्यावर गर्भाशय आवळले नाही तर काय ओढवते, हे यावरून ध्यानी यावे. औषधे, फुगा, टाके हे उपाय थकले की पूर्वी गर्भाशय काढण्यावाचून बहुधा गत्यंतर नसे. अशा रक्तस्रावात रोहिणी बंद केल्याचा वृत्तांत १९७९ साली प्रसिद्ध झाला. त्यासाठी जिलेटिनच्या स्पंजाचे तुकडे वापरतात. ते काही आठवड्यांत विरघळतात, प्रवाह पुन्हा सुरू होतो आणि गर्भाशय जागच्या जागी राहते.

गर्भाशयातील गाठींची कथा वेगळी. पॅरिसचे राविना व त्यांचे सहकारी शस्त्रक्रियेत रक्त कमी जावे म्हणून आधी रोहिणी बंद करीत. शस्त्रक्रियेची वाट पाहता पाहता काही स्त्रियांचा त्रासच थांबला! १९९५ साली त्यांनी हे ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. गाठ नाहीशी होत नाही, आक्रसते. पहिल्या दिवशी कळाही जबर येतात. पुढे मूल हवे असेल तर केवळ गाठ काढणे अधिक हितावह ठरू शकते. परंतु ‘चाळिशी उलटली, आता पिशवी कशाला हवी?’ हे वाक्य आम्हांस असह्य होते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड भगिनींच्या अशा शस्त्रक्रियांसाठी २०१९ साली शासनाला चौकशी समिती नेमावी लागली.

एक मर्यादा स्पष्ट सांगतो. ही सोय लहान गावी बहुधा नसते. रक्त वाहत असताना तिच्या शोधात फिरणे प्राणावर बेतते. तेथे वेळीच गर्भाशय काढणारा सर्जनच त्राता होय. म्हणून चौकशी आधी हवी. वार खाली असेल, किंवा आधीच्या सिझेरियनच्या व्रणात ती रुतल्याची शंका असेल, तर सातव्या महिन्यातच विचारा: रक्तपेढी कोठे आहे? हा विभाग रात्री चालतो काय? नसल्यास कोठे पाठवाल? नव्याने आलेल्यांना येथील भाषेची अडचण असेल, तर मंडळातील जुन्या मंडळींना सोबत न्या.