ताडवृक्षांचा कोवळा रंग



चैत्राच्या सुमारास आपल्या बालाघाटच्या रानात कुसुमाला लालभडक पालवी फुटते. बागेत लावावयाच्या काही ताडवृक्षांतही हीच किमया दिसते. न्यू कॅलेडोनिया बेटावरील चाम्बेरोनिया या ताडाचे नवे पान तांबडे उमलते व काही दिवसांनी हिरवे होते. हरितद्रव्य त्यात मागाहून भरते. मलायातील सिर्टोस्टॅकिसचे देठ मात्र कायम तांबडेच राहतात. पण त्याला थंडी सोसत नाही, म्हणून आपल्याकडे तो टिकणे कठीण.

आपल्या परिचयाची सुपारी किंवा क्यूबाकडील रॉयल पाम पाहा. शेंड्याखालची गुळगुळीत हिरवी नळी म्हणजे खोड नव्हे. एकमेकांना वेढून बसलेल्या पानांची ती बुडे होत. त्यांच्या आत झाडाचा एकुलता एक कोंब असतो. तो गेला की झाड गेलेच. म्हणून शोभेसाठी ही बुडे कोणी ओरबाडू नयेत. जुने पान आपणहून गळू द्यावे.

आम्हां शिक्षकांना यातून एवढेच सुचते: कोवळ्याभोवती थोरांनी वेढा धरावा आणि वेळ झाली की आपणहून बाजूला व्हावे. संस्थाही अशाच वाढतात.