झाशीतला समुद्र आणि आईची चिमूट

माझ्या मागे ही काचेची टाकी दिसतेय ना, ती दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच आहे. वाळू-दगड वगळले तर आत साधारण पन्नास लिटर खारं पाणी, एक क्लाउनफिश आणि सात गोगलगायी. प्रवाळ नाहीत. प्रवाळ का नाहीत, असं पुष्कळ जण विचारतात. तर खडक बांधणारे प्रवाळ आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ते विकणंही गुन्हा आणि घरी ठेवणंही. माझे दगड कोरडे, निर्जीव आणलेले आहेत.

क्लाउनफिश आधी दोन होते. दुसरा माझ्या चुकीमुळे गेला. आज बोलायचंय ते त्या चुकीबद्दल.

मी इथे झाशीत शाळेत रसायनशास्त्र शिकवते. आई मालवणची. बाबा गेल्यावर ती माझ्याकडे राहायला आली आणि पहिल्याच उन्हाळ्यात म्हणाली, "हय वाऱ्याक वास नाय." समुद्राचा वास, असं तिला म्हणायचं होतं. मुंबईला मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय झालं, तिथे रस्ता ओलांडला की समुद्र. झाशीहून सरळ रेषेत मोजलं तरी जवळचं खारं पाणी सहा-सातशे किलोमीटरवर. म्हणून मग टाकी आणली.

समुद्राजवळ राहणाऱ्याला जे सहज मिळतं, ते आपल्याला बनवावं लागतं. लिटरला साधारण पस्तीस ग्रॅम मत्स्यालयाचं मीठ. स्वयंपाकाचं चालत नाही. पाणी आटतं, मीठ मागेच राहतं, म्हणून रोजची भर गोड्या पाण्याची घालायची. मे महिन्यात पाण्यावर पंखा लावला की दिवसाला दोन लिटर सहज उडतात. पण बाहेर पंचेचाळीस अंश असले तरी त्याच पंख्याने टाकी सत्तावीस-अठ्ठावीसवर राहते, कारण हवा कोरडी असते. कूलरचंच तत्त्व. खरी परीक्षा ऑगस्टची. हवा दमट झाली की पंखा नुसता फिरतो. तेव्हा मी गोठवलेल्या पाण्याच्या बंद बाटल्या टाकीत सोडते. याला कोणी जुगाड म्हटलं तर खुशाल म्हणा.

आता शेवाळ. चौथ्या महिन्यात दगडांवर हिरवे केस उगवले. आधी छान वाटलं, महिन्याभरात ते बोटभर लांब झाले. पाणी तपासलं तर नायट्रेट चाळीस, फॉस्फेट अर्धा. हे आकडे मिलिग्रॅम प्रति लिटरचे. अशा टाकीत नायट्रेट पाच-दहाच्या आसपास आणि फॉस्फेट ०.१च्या खाली असलं तर बरं.

हे आलं कुठून? एक वाट स्वयंपाकघरातली होती. मला वाटायचं, आरओचं पाणी म्हणजे शुद्ध पाणी. मीटर बुडवला तर टीडीएस ऐंशी! घरगुती आरओत चवीसाठी एक छोटा व्हॉल्व्ह असतो, तो थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळतो. पिण्यासाठी ते ठीक आहे, पण त्याबरोबर बोअरवेलचं नायट्रेट आणि सिलिकाही टाकीत येतात. तुमच्याकडे टाकी असेल तर आजच मीटर बुडवून बघा. मी मेकॅनिककडून एक वेगळी लाईन काढून घेतली, तिला व्हॉल्व्ह नाही आणि शेवटी रेझिनची नळी आहे. आता आकडा शून्य येतो.

दुसरी वाट सापडायला वेळ लागला. मी सकाळी एकदा खाणं घालून शाळेत जायची. एकदा दुपारी लवकर घरी आले तर आई टाकीपाशी उभी, हातात डबी. "अगो, तेंका भूक लागली हा. बघ कशे येतत." मासे येतातच. माणूस दिसलं की येतात, पोट भरलेलं असलं तरी येतात. आई दिवसातून चार-पाच वेळा चिमूट टाकत होती.

रात्री वहीत हिशेब मांडला. कोरड्या खाण्यात साधारण पंचेचाळीस टक्के प्रथिनं धरा. प्रथिनांच्या वजनाचा सुमारे सोळा टक्के भाग नायट्रोजन. म्हणजे एक ग्रॅम खाण्यात बहात्तर मिलिग्रॅम नायट्रोजन. माशाने खाल्लं काय किंवा तळाशी कुजलं काय, त्याचा अमोनिया होतो, जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. सगळ्याचं नायट्रेट झालं तर ते तीनशे वीस मिलिग्रॅमच्या आसपास भरतं. पन्नास लिटरमध्ये लिटरला सहाहून जास्त. खाण्यात एक टक्का फॉस्फरस धरला तर फॉस्फेट ०.६ने वाढतं. एका ग्रॅममध्ये! आणि आठवड्याला पाच लिटर पाणी बदललं तर चाळीसचं छत्तीस होतं, बस. समुद्रात चिमूटभर खाणं म्हणजे काहीच नाही. इथे मात्र जे आत गेलं ते आपण बाहेर काढेपर्यंत आतच राहतं.

मी आईवर ओरडले. "तुझ्यामुळे झालंय हे सगळं," असं म्हणाले. हिशेब बरोबर होता, बोलणं बरोबर नव्हतं. त्या दिवसापासून तिने टाकीकडे बघणंच सोडलं. खुर्चीसुद्धा फिरवून बसायची.

मग मी युद्ध पुकारलं. फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे मिळतात, ते सांगितल्याच्या दुप्पट घातले. एका रविवारी अर्धं पाणी बदललं. आणि टाकीवर काळं कापड टाकून तीन दिवस अंधार केला. शेवाळ मरतं हो अंधारात, पण मेलेलं शेवाळ जातं कुठे? तिथेच कुजतं आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं. गरम आणि खाऱ्या पाण्यात तो आधीच कमी मावतो. तिसऱ्या रात्री आमच्या भागातली लाईट गेली, पंप थांबला. बॅटरीवरचा हवेचा पंप तेव्हा माझ्याकडे नव्हता. सकाळी कापड काढलं तर मोठा क्लाउनफिश तळाशी आडवा. आई त्याला बाबल्या म्हणायची. ती काही बोलली नाही, मीही बोलले नाही.

शेवाळ मात्र गेलं. नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. मला वाटलं, किंमत मोजली पण जिंकले.

दोन आठवड्यांत वाळूवर तपकिरी चिकट थर आला, शेंबडासारखा, त्यात हवेचे बुडबुडे. रात्री विरळ व्हायचा, दुपारी परत दाट. गोगलगायी उलट्या पडून मरायला लागल्या. तो थर थेंबभर घेऊन शाळेत जीवशास्त्राच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर थेंबाच्या आकाराच्या पेशी जणू खुंटीला बांधल्यासारख्या जागच्या जागी गिरक्या घेत होत्या. हे डायनोफ्लॅजेलेट. पाण्यात काहीच पोषण उरलं नाही की बाकीचे जीव उपाशी मरतात आणि यांना मोकळं रान मिळतं. यांच्यातले काही विषारी असतात, त्यामुळे हातमोजे घालूनच हात घाला.

नवख्या माणसाला इथे फसायला होतं. शून्य म्हणजे स्वच्छ, असं आपण समजतो. आधी दाट हिरवं शेवाळ असतानाही चाचणी शून्य दाखवू शकते, कारण सगळं पोषण शेवाळाने पिऊन टाकलेलं असतं. आणि उलट, पाणी सुधारलं तरी फॉस्फेट महिनोन्महिने उतरत नाही, कारण चुनखडीच्या दगडांनी ते धरून ठेवलेलं असतं आणि ते हळूहळू सोडत राहतात. एका दिवसाच्या आकड्यावर घाईने औषध ओतू नका. चार-पाच आठवड्यांचे आकडे वहीत लिहा आणि रेषा कुठे चाललीय ते बघा.

आमच्या झाशीचा लक्ष्मी ताल बघताना मला हे जास्त कळलं. काठावर महालक्ष्मीचं देऊळ, जवळच राजा गंगाधररावांची छत्री. तिथे जलपर्णी बघतेय. काढतात, ढीग लावतात, पुन्हा येते. गावाचं सांडपाणी म्हणजे तळ्याच्या दृष्टीने चिमूट-चिमूट खाणंच. एक फरक आहे. जलपर्णी काढून पाण्याबाहेर नेली तर तिच्यात अडकलेलं नायट्रोजन-फॉस्फरसही बाहेर जातं. मी अंधार करून शेवाळ मारलं आणि सगळं परत पाण्यातच सोडलं. टूथब्रशने खरवडून नळीने बाहेर ओढायला हवं होतं.

डायनोंवर इलाज काय केला? लोहाचे दाणे काढले. पाणी बदलणं काही आठवडे थांबवलं. आणि नायट्रेट पाचच्या, फॉस्फेट ०.०५च्या वर न्यायचं ठरवलं. बाजारात त्यासाठी बाटल्या मिळतात. मी आईच्या खुर्चीपाशी गेले आणि म्हटलं, "आई, घाल गं थोडं जास्त. उपाशी आहेत." तिने माझ्याकडे बघितलं. "आता माझी चिमूट चलता तुका?" म्हटलं, चालते, हवीच आहे.

थर जायला नऊ आठवडे लागले. आधी पुन्हा थोडं हिरवं आलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला शेवाळ बघून हायसं वाटलं.

सध्याची व्यवस्था अशी. आईकडे गोळ्यांची साप्ताहिक डबी असते ना, तशी एक माशांसाठी आणली. रविवारी मी खान्यांत मोजून खाणं भरते, घालायचं तिने, कधी ते तिने ठरवायचं. शुक्रवार उपास, तो वारही तिनेच निवडलाय. मागच्या फिल्टरच्या कप्प्यात दिवा लावून केटोमॉर्फा वाढवते, तारेच्या गुंत्यासारखं दिसणारं शेवाळ. शेवाळ वाढणारच असेल तर मी सांगेन तिथे वाढू दे. महिन्याला मूठभर उपटून झाडांच्या कुंडीत टाकते, आधी गोड्या पाण्यात धुऊन. आठवड्याला दहा टक्के पाणी बदलते. कालचे आकडे, नायट्रेट आठ, फॉस्फेट ०.०७.

त्या डाव्या कोपऱ्यात, हीटरच्या मागे, हिरवे केस अजून आहेत. कॅमेऱ्यात कदाचित दिसणार नाहीत. ते मी ठेवलेत, गोगलगायी तिथे चरतात. आई सांगते, मालवणच्या खडकावर असंच असायचं आणि त्यावरून ती दोनदा घसरून पडली होती.