वाकडे पाऊल आणि ते सरळ करणारी हत्यारे

(धामापूर येथे ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



१५३० साली बांधलेल्या आपल्या तलावाच्या काठी, भगवतीच्या सान्निध्यात आपण दरवर्षी जमतो, तेव्हा व्याख्यानाचा विषय बहुधा शिक्षण, नोकऱ्या अथवा सोयरिकी हाच असतो. यंदा चिटणिसांनी मला विषय निवडण्याची मोकळीक दिली. मी निवडलेला विषय ऐकून त्यांच्या कपाळावर आठी उमटली, परंतु दिलेला शब्द त्यांनी पाळला, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

मी वैद्य नव्हे. मॅट्रिक होऊन मास्तरकी केलेला माणूस. पण मुले वर्गात शिरू लागली म्हणजे मास्तराची नजर त्यांच्या चालीकडे जातेच. माझ्या नोकरीच्या काळात निरनिराळ्या गावी मिळून अशी चार मुले मी पाहिली, की ज्यांचे पाऊल जन्मतःच आत वळलेले होते. टाच वर उचललेली, तळवा दुसऱ्या पावलाकडे फिरलेला, आणि अंगाचा सारा भार पावलाच्या बाहेरच्या कडेवर. त्या कडेला घट्टे पडत, पावसाळ्यात घट्टे भिजून फुटत. वहाण पायात बसत नसे. मळ्यातल्या चिखलात किंवा शेताच्या बांधावरून अशा पायाने चालणे म्हणजे काय, हे कोकणात राहणाऱ्याला सांगावयास नको. चौघांपैकी तिघांना लहानपणी कोणत्याही डॉक्टरकडे नेलेले नव्हते. हीच गोष्ट मला आज आपणांपुढे उभी करते.

हे व्यंग काही दुर्मीळ नव्हे. हजार जन्मांमागे सुमारे एका बालकात ते आढळते. मुलींपेक्षा मुलांत दुपटीने, आणि निम्म्याहून थोड्या कमी-अधिक बालकांत दोन्ही पावलांना. तान्ह्या मुलाला त्यापासून काडीचाही त्रास होत नाही. ते हसते, दूध पिते, पाय झाडते. फसगत इथेच होते. दुखत नाही, तर घाई कशाची, असे घरातील वडीलधाऱ्यांना वाटते. तेल चोळून बघू, बारशापर्यंत थांबू, पावसाळा सरू दे, असे म्हणता म्हणता मूल रांगू लागते.

दुसरे कारण बोलावयास अवघड आहे, पण ज्ञातीच्या मेळाव्यात नाही बोलायचे तर कुठे बोलायचे? पाळण्यात असे पाऊल दिसले की माजघरात पहिला शब्द उठतो तो, "गिराणात कायतरी कापल्यान आसतला." म्हणजे दोष पोराच्या आईच्या माथी. त्या माउलीने नऊ महिन्यांत ग्रहण पाहिलेले नसले तरी तिची सुटका नाही. वास्तविक गर्भाचे पाऊल आकारास येते ते पहिल्या तीन महिन्यांत, आणि आत वळलेले पाऊल पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत पुष्कळदा दिसतेही. विळी, सुरी आणि चंद्रसूर्य यांचा त्याच्याशी काही संबंध नाही. खरे कारण शास्त्रज्ञांनाही अद्याप पुरते उकललेले नाही. काही घराण्यांत ते पुन्हा दिसते एवढे खरे. एक मूल असे झाले असता पुढच्या भावंडात ते येण्याचा संभव शंभरात दोनपासून पाचपर्यंत समजतात. म्हणजे शंभरातील पंचाण्णव भावंडे तरी निर्दोष पावलांची. तरीसुद्धा आत्याच्या किंवा मावशीच्या लग्नाला अडथळा नको म्हणून बाळाचे पाय दुपट्यात गुंडाळून ठेवणारी कुटुंबे आपल्यात आहेत, हे आपण सर्वजण जाणतो.

आता पावलाची रचना. माणसाच्या एका पावलात सव्वीस हाडे असतात. नडगीच्या खाली घोट्याचे हाड, त्याच्याखाली टाचेचे, पुढे होडीच्या आकाराचे नौकास्थी, आणि मग बोटांकडे जाणारी लांब हाडे. घोट्याच्या हाडाची गंमत अशी की त्याला एकही स्नायू चिकटलेला नाही. बाकीची हाडे त्याच्या भोवती फिरतात. वाकड्या पावलात ही भोवतालची हाडे आत सरकलेली असतात, आणि आतल्या बाजूचे बंध व टाचेमागची शीर आखूड झालेली असते. नवजात बालकाची ही हाडे पुष्कळशी कूर्चेचीच असतात. शहाळ्याची करवंटी आणि पिकल्या नारळाची करवंटी यांतील फरक आपणांस ठाऊक आहे. पहिली सुरीने सुटते, दुसरीला कोयत्याचा घाव लागतो. पाऊल सरळ करणाऱ्या हत्यारांचा सारा हिशेब या एका दाखल्यात आहे. जितका उशीर, तितके हत्यार मोठे.

सर्वांत जुने हत्यार म्हणजे हात. ग्रीसचा हिपोक्राटिस, ख्रिस्तपूर्व चारशेच्या सुमाराचा, त्याने लिहून ठेवले आहे की असे पाऊल लहानपणीच हळूहळू हाताने वळवून पट्ट्यांनी बांधावे. पुढे दोन हजार वर्षांत हे शहाणपण बरेचसे हरपले. एकोणिसाव्या शतकात विल्यम जॉन लिटल नावाच्या इंग्रज डॉक्टरचे स्वतःचेच पाऊल बालपणीच्या आजाराने वाकडे झालेले होते. १८३६ साली तो जर्मनीत हानोव्हरला स्ट्रोमायर नामक शल्यवैद्याकडे गेला. स्ट्रोमायरने बारीक पात्याने कातडीखालून टाचेची शीर कापली आणि पाऊल खाली आणले. लिटल लंडनला परतला आणि हीच विद्या त्याने आपल्या देशात रुजविली. रोग्यानेच वैद्य होऊन आपल्यासारख्यांचे पाय सरळ करावेत, हे मला फार हृद्य वाटते.

परंतु सर्वांनाच एवढा धीर नव्हता. लिव्हरपूलच्या ह्यू ओवेन थॉमसने, जो १८९१ साली वारला, एक पान्हा बनविला. होय, पान्हाच. पावलाला दोन दांड्यांत पकडायचे, मुलाला गुंगी द्यायची आणि जोर लावून पिळायचे. थॉमस हा गोरगरिबांचा कनवाळू वैद्य होता, त्याची खपाटी तर जगभर वापरली गेली. पण हा पान्हा मात्र कोवळी हाडे चेंगरून टाकी. पाऊल दिसायला सरळ होई आणि आतून ताठर बनून जाई. विसाव्या शतकात पान्हा मागे पडला आणि सुरी पुढे आली. आतले बंध कापून सांधे मोकळे करण्याच्या मोठ्या शस्त्रक्रिया रूढ झाल्या. त्यांनीही पुष्कळ पावले सरळ झाली, पण तीच मुले तिशी-चाळिशीला आली तेव्हा पाय ताठर झालेले आणि दुखणारे.

हे ज्याने नीट पाहिले तो डॉक्टर म्हणजे इग्नासिओ पोन्सेटी. १९१४ साली स्पेनच्या मिनॉर्का बेटावर जन्मलेला, तेथील यादवी युद्धात जखमींची हाडे जुळविलेला, मग देशोधडीला लागून मेक्सिकोमार्गे १९४१ साली अमेरिकेत आयोवाला पोहोचलेला. त्याने सुरी बाजूला ठेवली आणि पुन्हा हात उचलला. अंगठ्याने घोट्याचे हाड स्थिर धरायचे, बाकीचे पाऊल त्याच्याभोवती अलगद बाहेर फिरवायचे, आणि जेवढे फिरले तेवढे मांडीपर्यंतच्या प्लास्टरमध्ये पकडून ठेवायचे. आठवड्याने प्लास्टर उतरवून आणखी थोडे. अशी पाच-सहा प्लास्टरे. शेवटी बहुतेक मुलांत टाचेची शीर बारीक पात्याने तोडतात. जागा बधिर केली की काम काही मिनिटांचे, टाका बहुधा लागत नाही. तीन आठवड्यांच्या शेवटच्या प्लास्टरमध्ये ती शीर लांब होऊन आपोआप सांधते. पोन्सेटीने हे १९६३ साली प्रसिद्ध केले. जगाने तीस-पस्तीस वर्षे लक्ष दिले नाही. १९९६ साली त्याचे पुस्तक निघाले आणि त्यानंतर मुलांच्या आईबापांनीच या पद्धतीचा आग्रह धरला. २००९ साली तो वारला तेव्हा जगभर हीच पद्धत मान्य झालेली होती.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण पाय सरळ दिसला की आपली माणसे निश्चिंत होतात. प्लास्टर संपले म्हणजे उपचार संपला नाही. एका दांडीला जोडलेले दोन जोडे मुलाला घालावे लागतात. पहिले तीन महिने दिवसाचे तेवीस तास, आणि पुढे चार-पाच वर्षांचे होईपर्यंत रात्री व दुपारच्या झोपेत. मूल रडते, आजीचे मन द्रवते, जोडे कपाटावर जातात. पाऊल पुन्हा वळण्याचे सर्वांत मोठे कारण हेच. आजीबाईंनी मला क्षमा करावी.

आता उशीर झालेल्यांचे काय? चालू लागलेल्या, किंबहुना शाळेत जाणाऱ्या मुलांवरही आजकाल आधी प्लास्टरच करून पाहतात. तेवढ्याने भागले नाही तर जे हत्यार पुढे येते, ते आपल्या मुंबईत जन्मलेले आहे. हाताच्या शस्त्रक्रियेतील नामवंत डॉ. बी. बी. जोशी यांनी ते सिद्ध केले, आणि त्यांच्या नावावरून त्याला 'जेस' म्हणतात. जोशी यांची बाहेरून स्थिर ठेवणारी रचना, असा त्याचा अर्थ. बारीक पोलादी तारा नडगीतून, टाचेतून आणि बोटांमागच्या लांब हाडांतून आरपार घालतात. किर्शनर या जर्मन शल्यवैद्याने १९०९ साली प्रचारात आणलेल्याच या तारा. त्यांची बाहेर राहिलेली टोके लहान लहान जोडांनी दांड्यांना बांधतात आणि नडगी, टाच व पुढचे पाऊल यांच्या दरम्यान मळसूत्री सळ्या बसवितात. हाड कापावे लागत नाही. मळसूत्र थोडे फिरविले की आखूड झालेले बंध तेवढेच ताणले जातात. आतली बाजू दर सहा तासांनी पाव मिलिमीटर, बाहेरची बारा तासांनी पाव मिलिमीटर. आत जास्त, बाहेर कमी, म्हणून पाऊल आपोआप बाहेर वळते. हे मळसूत्र फिरविण्याचे काम रोज घरी कोण करते? शिकविल्यावर बहुधा मुलाची आईच. ग्रहणाचा दोष जिच्या माथी मारला, तिच्याच हातात अखेर किल्ली येते.

रोज एक मिलिमीटर हा हिशेब मूळचा सायबेरियातील कुर्गान गावच्या इलिझारोव्हचा. १९२१ ते १९९२ हा त्याचा काळ. हाडांना व मांसाला सावकाश ताण दिला तर ती तुटत नाहीत, उलट नवी वाढतात, हे त्याने दाखविले. त्याच्या उपकरणात पायाभोवती पोलादी कडी असतात आणि त्यांना सायकलच्या चाकातील आऱ्यांसारख्या तारा ताणून बसविलेल्या असतात. ही विद्या आपल्याकडे रुजविण्यात मिरजेचे डॉ. जी. एस. कुलकर्णी हे अग्रभागी होते. त्यांनीच संपादिलेल्या अस्थिशल्याच्या १९९९ सालच्या ग्रंथात जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाकड्या पावलावरील आपली पद्धत लिहिली आहे. जेस हे इलिझारोव्हच्या कड्यांपेक्षा हलके आणि स्वस्त, म्हणून लहान मुलांना अधिक सोयीचे. तारांच्या छिद्रांची स्वच्छता मात्र दररोज राखावी लागते. तिथे पू धरण्याची भीती असते.

आणि मूल मोठे होऊन हाडे त्या वाकड्या आकारातच घट्ट झाली, तर मग सुताराचीच पेटी उघडावी लागते. मी अस्थिशल्याच्या हत्यारांची चित्रे पाहिली तेव्हा मला आमच्या गावच्या सुताराची आठवण झाली. पटाशी आहे, हातोडी आहे, करवत आहे. पटाशीला एका अंगाने उतार असतो. हाड फोडण्याच्या ऑस्टिओटोमला दोन्ही अंगांनी, म्हणजे ते सरळ घुसते, कलत नाही. गिगली नावाच्या इटालियनाने तर दातेरी तारेचीच करवत केली. या हत्यारांनी हाडाची पाचर काढून पाऊल सरळ करतात, किंवा घोट्याखालचे तीन सांधे कायमचे जुळवून टाकतात. ही तीन सांध्यांची शस्त्रक्रिया वाढ बहुतेक पुरी झाल्यावर, दहा-बारा वर्षांनंतरच करतात. पाऊल सपाट टेकते, वहाण बसते. पण उंचसखल जमिनीवर पाय वळत नाही.

आपल्यातील वृद्धांना या शस्त्रक्रिया आठवतात त्या पोलिओमुळे. फातिमा इस्माईल या बाईंनी आपल्या मुलीच्या आजारपणातून १९४७ साली मुंबईत अपंग बालकांसाठी संस्था काढली, आणि हाजी अलीचे मुलांचे अस्थिरुग्णालय त्यातूनच उभे राहिले. कोकणातल्या कित्येक चाकरमान्यांनी आपली पोरे खांद्यावरून तिथे नेली. पोलिओचा भारतातील शेवटचा रोगी जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त ठरला. जन्मतः वाकडे पाऊल मात्र लसीने टळणारे नाही. ते येणारच, प्रश्न फक्त ते केव्हा दाखवायचे एवढाच.

सोय नाही असेही आता म्हणता येत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघरला झाला, आणि त्यात वाकड्या पावलाचा समावेश आहे. प्रसूतीच्या ठिकाणी बाळ तपासतात, आशाताई पहिल्या सहा आठवड्यांत घरी येतात. त्या आल्या की बाळाचे दुपटे सोडून दोन्ही पाय दाखवावेत. उपचार मोफत असला तरी वाडीवरून ओरोसपर्यंत किंवा आणखी लांब दर आठवड्याला खेप घालणे, लावणीच्या दिवसांत एका माणसाची मजुरी बुडविणे, आणि पाऊल वाढेल तसे जोडे बदलणे, हे गरीब घराला जड जाते.

म्हणून माझी कार्यकारिणीला विनंती अशी. आपल्या शिक्षणनिधीतून दरवर्षी वह्यापुस्तके वाटली जातात, ती वाटावीतच. त्यातील थोडी रक्कम अशा मुलांच्या प्रवासखर्चासाठी आणि जोड्यांसाठी वेगळी ठेवावी. अर्ज चिटणिसांकडे बंद पाकिटात द्यावा, डॉक्टरची चिठ्ठी सोबत जोडावी, आणि निर्णय आठ दिवसांत व्हावा. या कामात महिनाही मोठा असतो. वार्षिक अहवालात खर्चाची रक्कम अवश्य छापावी. कुटुंबाचे नाव छापू नये आणि या व्यासपीठावरून वाचूनही दाखवू नये.